बिनपाटीचा बाक

पेचकस खाचेत बसवून सुतारकाकांनी मनगट पिळले. स्क्रू तसूभरही हलला नाही. त्यांनी तेलाचा थेंब सोडला, मनातल्या मनात दहापर्यंत मोजले आणि पुन्हा जोर लावला. बाकाच्या पाठीवरची पितळी पाटी नुसती कुरकुरली.

“होडीवाला नाही म्हणतोय,” मागून आवाज आला.

काकांनी वळून पाहिले. मधली सुट्टी होती. दुसरीचा सगळा वर्ग मैदानावर उंडारत होता आणि एक मुलगी मात्र शेवटच्या बाकाखालून डोके बाहेर काढून त्यांच्याकडे बघत होती. तिला वर्गात सगळे खार म्हणत. वाचनाचा तास लागला की तिची पेन्सिल हमखास खाली पडे, आणि पेन्सिल शोधायला बाकाखाली गेलेली खार आपली पाळी टळल्याशिवाय वर येत नसे.

“खेळायला नाही गेलीस?”

“पेन्सिल पडली.”

“सुट्टीतसुद्धा?”

“तिला काय कळतंय, सुट्टी आहे की नाही ते.”

काका हसले आणि पुन्हा स्क्रूकडे वळले. काम नकोसे असले की हातही चुकारपणा करतात, हे त्यांना ठाऊक होते. वर्गात चोवीस बाक होते. त्यांपैकी तेवीस बाकांना अशा पाट्या होत्या. गावातल्या कुणाकुणाच्या घरच्यांनी आपले माणूस गेल्यावर शाळेला एकेक बाक दिला होता. प्रत्येक पाटीवरचे नाव वेगळे, पण शेवटचा शब्द एकच. स्मरणार्थ. शुक्रवारी नव्या लोखंडी बाकांचा ट्रक यायचा होता. त्याआधी काकांनी सगळ्या पाट्या काढून द्यायच्या, त्या कचेरीबाहेर एका मोठ्या फळीवर ओळीने लावून वर काच बसवायची आणि जुने बाक मागच्या दाराने जळणाला जायचे, असे शाळेच्या समितीने ठरवले होते. ठराव अध्यक्षांचा होता. आज मंगळवार होता.

“फळीवर लावल्यावर होडीवाला आमच्याशी बोलेल का?” खारीने विचारले.

“आता बोलतो?”

“त्या बाकावरची मुलं बोलतात ना त्याच्याबद्दल. आमच्या बाकावर कुणीच नाही.” एवढे बोलून ती पुन्हा खाली गेली.

ही रीत बाईंनी पाडली होती. दुसरीच्या बाई वर्षाच्या सुरुवातीला मुलांना बाक निवडायला लावत आणि सांगत, “आता हे तुमचं माणूस. घरी विचारा, शेजारी विचारा, पण तीन गोष्टी शोधून आणा. ते काय काम करायचे, कशाला हसायचे आणि कशाला घाबरायचे.” पोरे गावभर हिंडून शोधून आणत. होडीवाल्याला पोहता येत नव्हते. डॉक्टरीणबाई पालीला घाबरत. पोस्टमन स्वतःच्याच विनोदांना हसत, तेही विनोद सांगून संपायच्या आत. वर्षअखेर ही माणसे मुलांच्या अशी काही अंगवळणी पडत, की भांडताना मुले एकमेकांना “तू पोस्टमनसारखं आधीच हसू नकोस” असे सुनावत.

चोविसावा बाक खिडकीजवळचा. त्याला पाटी नव्हती. ज्यांना वाचता येई ती मुले पाट्यांचे बाक धरत. खारीने आपणहून हा निवडला होता. तिथे वाचायला काही नव्हते.

निदान वरून पाहणाऱ्याला तरी तसेच वाटे.

तो बाक काकांनी स्वतः घडवला होता. त्याला आता बावीस वर्षे झाली. त्यांची आई याच शाळेत झाडलोट करायची. दर शनिवारी मुले गेली की लिंबाची फोड आणि चिमूटभर राख घेऊन सगळ्या पाट्या घासायची. तिला अक्षर ओळखता येत नव्हते. पण प्रत्येक पाटी वाचून दाखवताना मोठ्या माणसांच्या तोंडून शेवटी तो एक शब्द यायचा, तो तिने ऐकून ऐकून उचलला, आणि तिच्या लेखी तो बाकाचाच शब्द झाला. घरी येऊन म्हणायची, “आज दोन स्मरणार्थ पुसायचे राहिले बाई.” काका तेव्हा नऊ वर्षांचे होते आणि याच वर्गातून नुकतेच वर गेले होते. एकदा सगळ्या मुलांदेखत ती म्हणाली, “त्या स्मरणार्थावरचं दप्तर उचल रे,” आणि वर्ग खो-खो हसला. नऊ वर्षांच्या त्या पोराचे कान तापले. तो ओरडला, “आई, त्याला बाक म्हणतात! येत नाही तर बोलू नये.”

दप्तर तिनेच उचलले. त्यानंतर ती मरेपर्यंत काकांनी तिच्या तोंडून तो शब्द ऐकला नाही. तिने तो टाकून दिला, असे ते धरून चालले. आणि टाकायला लावणारे आपण, हेही.

ती गेली तेव्हा काका दुसऱ्या गावचे कारखान्यातले काम सोडून शाळेत सुतार म्हणून लागले होते. मोडक्या बाकांतले चांगले लाकूड निवडून त्यांनी एक नवा बाक केला. शाळेने तो दुरुस्तीच्या कामात धरला. बसायच्या फळीच्या खालच्या अंगाला, कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागी, त्यांनी पटाशीने कोरले, ‘आई’. पुढचा शब्द कोरायला हात धजला नाही. तो आपण तिच्याकडून हिसकावून घेतलेला. आता तिच्याच नावापुढे कुठल्या तोंडाने बसवायचा?

आता तो बाक जळणाला जाणार होता. तेवढा तुकडा कापून घरी न्यावा, असे त्यांच्या मनात दोनदा येऊन गेले होते. पण घरी नेलेला तुकडा म्हणजे नुसता लाकडाचा तुकडा. शाळेत तिच्यावर रोज तीन मुले बसत होती.

घंटेच्या आधीच बाई आत आल्या. त्यांनी होडीवाल्याच्या पाटीकडे पाहिले, मग काकांच्या हातातल्या पेचकसाकडे.

“किती निघाल्या?”

“एकही नाही.”

“काका, सभेत तुम्ही दाराशी उभे होतात. एक शब्द बोलला नाहीत.”

“सुतारानं लाकडाशी बोलावं, बाई. लाकूड उलटून बोलत नाही.”

बाईंनी टेबलावरच्या वह्या उगाच सारख्या केल्या. “अध्यक्ष उद्या वर्गात येतायत, मुलांना समजावून सांगायला. तोवर थांबा. स्क्रू गंजलेत म्हणा.”

“म्हणायचं कशाला, गंजलेलेच आहेत,” असे म्हणून काकांनी पेचकस खिशात टाकला. तेवढ्यानेही त्यांचे खांदे खाली आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष आले. पंचेचाळिशीचे, चटपटीत, मनाने वाईट नव्हेत. गेल्या वर्षी एका मुलीच्या पायाला बाकाचा खिळा लागला होता, तेव्हा तिला स्वतःच्या गाडीत घालून दवाखान्यात त्यांनीच नेले होते. तेव्हापासून त्यांनी नव्या बाकांचा ध्यास घेतला होता. काका दाराशी उभे राहिले, नेहमीच्या जागी.

“तर मुलांनो, नवे बाक येणार,” अध्यक्ष म्हणाले. “गुळगुळीत. कुसळ लागणार नाही, खिळा लागणार नाही. आणि या पाट्या? त्या काही आपण टाकून देत नाही. सगळ्या एका फळीवर, काचेत. धूळ म्हणून बसणार नाही.”

मधल्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला. “पण मग होडीवाला फळीवर गेला, तर आम्ही टेकायचं कुणाला?”

वर्गात खसखस पिकली. अध्यक्षही हसले. “कुठला होडीवाला?”

झाले. पोरांना तेवढेच हवे होते. त्या बाकावरची तिन्ही मुले एकदम उठली आणि एकमेकांचे वाक्य तोडत सांगू लागली. त्याने नदीवर चाळीस वर्षे होडी चालवली. म्हाताऱ्या बायका होडीत घट्ट डोळे मिटून बसल्या की त्याला हसू यायचे. आणि घाबरायचा तो पाण्याला, कारण त्याला पोहता येत नव्हते, पण हे त्याने कुणालाच सांगितले नव्हते, त्याच्या नातीने सांगितले. मग डॉक्टरीणबाईंची मुले उठली. मग पोस्टमनची. मग त्या आजीची, जिने मांजर काढायला विहिरीत शिडी सोडली आणि मांजर आपले आपण वर आले, आजीच खाली अडकली. बाई मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त ज्यांची पाळी त्यांच्याकडे हात करत राहिल्या. एक रडवा मुलगा नाव सांगता सांगता अडला, तेव्हा त्या तो पुढे बोलेपर्यंत शांतपणे थांबल्या. थांबण्यात त्या पटाईत होत्या.

“छान पाठ करून घेतलंय, बाई,” अध्यक्ष म्हणाले. त्यात टोमणा होता, पण धार नव्हती.

“पाठ मी करून घेतलेलं नाही. मी त्यांना फक्त त्या शब्दाचा अर्थ सांगितला.” बाई फळ्याकडे वळल्या नाहीत, मुलांकडेच पाहत राहिल्या. “स्मरणार्थ म्हणजे काय रे?”

“आठवण ठेवण्यासाठी,” वर्ग एका सुरात म्हणाला.

“पाटी ठेवते आठवण?”

“नाही. पाटी आपल्याला कामाला लावते.”

अध्यक्षांनी हनुवटी खाजवली. “बरोबर आहे. पण काचेतली पाटीसुद्धा लावेल की कामाला. आणि मला सांगा काका, यातलं मूळ लाकूड तरी किती उरलंय? ज्यांनी दिला त्यांचा बाक आहे कुठं हा?”

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. काकांनी घसा साफ केला.

“निम्मं उरलंय, साहेब. होडीवाल्याला मी डॉक्टरीणबाईंचे पाय लावलेत. पोस्टमनची पाठ आजींकडे गेली.”

आता वर्ग आवरेना. पोस्टमनवाल्या मुलांनी मागे वळून आजीवाल्यांकडे आपली पाठ परत मागितली. हसता हसता अध्यक्षांचे लक्ष खिडकीकडे गेले.

“हं. याला पाटीच नाही. म्हणजे इथं तरी कुणाचं मन दुखायचं कारण नाही. काका, असं करू, बाकीचं मी समितीत पुन्हा बोलतो. पण हा एक आजच बाहेर काढा. सुरुवात तर होऊ दे.”

काकांचा हात खिशातल्या पेचकसावर गेला आणि तिथेच राहिला. सांगायचे तर आत्ताच. पण काय सांगणार? की बावीस वर्षे आपण शाळेच्या लाकडात चोरून आपली आई ठेवली? त्यांनी एक पाऊल पुढे टाकले. ते बाक उचलायला होते की अडवायला, हे त्यांनाही सांगता आले नसते.

“आहे पाटी,” खार म्हणाली.

“कुठं?”

“खाली.”

आणि अध्यक्षांनी काही म्हणायच्या आत ती बाकाखाली गेली. बाकावरची इतर दोघे पाय वर घेऊन बसली. खालून तिचा आवाज आला, नेहमीसारखा पुटपुटता नव्हे, चांगला खणखणीत.

“आई.”

कुणीच हसले नाही. खारीला वाचताना वर्गाने कधी ऐकलेच नव्हते.

बाई खाली वाकल्या. “आणखी काय लिहिलंय, बाळ?”

“एवढंच. मी रोज वाचते. तेवढं येतं मला.”

अध्यक्षांनी गुडघे टेकून, मान वाकडी करून फळीच्या खाली पाहिले. पटाशीची कोर जुनी झाली होती, कडा काळवंडल्या होत्या, पण अक्षरे ठाशीव होती. “कुणाची आई ही?” ते तसेच वाकून म्हणाले.

बाहेर मैदानावर मोठ्या मुलांचा चेंडू टप्पे खात होता.

“माझी,” सुतारकाका म्हणाले.

अध्यक्ष उभे राहिले. गुडघ्यांची धूळ झटकायचे विसरले. “म्हणजे, शनिवारी लिंबू घेऊन फिरायच्या, त्या?”

“हो.”

“अरेच्चा.” ते त्याच बाकाच्या कडेवर बसले. दोघा मुलांनी सरकून जागा दिली. “मी याच वर्गात होतो. रोज उशीर. मग या खिडकीतून आत उडी. बाकावर पाय देऊन उतरायचो. आणि त्या नेमक्या कुठून तरी यायच्या आणि ओरडायच्या…” ते थांबले. आपण कुठे आहोत ते त्यांना एकदम आठवले असावे.

“काय ओरडायच्या?” चोवीस बाकांनी विचारले.

अध्यक्षांनी एकवार काकांकडे पाहिले. मग कमरेवर हात ठेवून, आवाज फाडून ते म्हणाले, “‘अरे टोणग्या, स्मरणार्थावर पाय ठेवतोस? उतर खाली!’”

वर्ग हसला. अध्यक्षही हसले, डोळे पुसत. “बाकाला त्या स्मरणार्थच म्हणायच्या. मग आम्हीही सगळे तसंच म्हणायला लागलो. बागेत गेलो तरी आईला सांगायचो, त्या स्मरणार्थावर बसू. माझ्या भावाला तर चौथीपर्यंत बाक हा शब्दच माहीत नव्हता. आणि खरं सांगू? त्या तसं म्हणायच्या म्हणून पुढंपुढं पाय ठेवायची छाती व्हायची नाही. नुसता बाक असता तर ठेवला असता.”

काका दाराची चौकट धरून उभे होते. “साहेब,” ते म्हणाले, “तुम्ही दुसरीत कधी होतात?”

अध्यक्षांनी साल सांगितले. काकांनी मनात वजाबाकी केली, मग बोटांवर केली, मग पुन्हा एकदा केली. तेव्हा ते बावीस-तेवीस वर्षांचे होते आणि दुसऱ्या गावी कारखान्यात खुर्च्या घडवत होते. म्हणजे आईने शब्द टाकला नव्हता. नऊ वर्षांच्या पोराने हिसकावला तरी सोडला नव्हता. फक्त त्याच्यापुढे झाकून ठेवला होता. तो समोर नसे तेव्हा ती मोकळ्या आवाजात तोच शब्द वापरत होती, पोरांच्या पिढ्यांमागून पिढ्यांना शिकवत होती, आणि पोरे तो घरी नेत होती.

ते होडीवाल्याच्या बाकापाशी गेले आणि आधीच लखलखणारी पाटी बाहीने पुसू लागले. बराच वेळ पुसत राहिले.

“काका,” अध्यक्ष उठत म्हणाले, “यातले हलणारे बाक किती?”

“सात.”

“खिळे वर आलेले?”

“चार. पण आठवड्यात सगळे बसवतो. रंधा मारला की कुसळ राहणार नाही.”

“मग तो पेचकस ठेवा आणि रंधा काढा.” दाराशी जाऊन ते वळले. “शुक्रवारचे बाक वरच्या सभागृहात टाकू. तिथं मुलं नाहीतरी जमिनीवरच बसतात. समितीला काय सांगायचं ते मी बघतो. स्क्रू गंजलेत म्हणेन.”

बाईंनी काकांकडे पाहिले. काकांनी छताकडे.

अध्यक्ष गेले, गलका उठला, आणि त्या गलक्यात खार बाकाखालून निघून काकांपुढे येऊन उभी राहिली. तिने तीन बोटे वर केली.

“काय काम करायची?”

“शाळा झाडायची. पाट्या घासायची.”

“कशाला हसायची?”

काकांना विचार करावा लागला. बावीस वर्षांत हे त्यांना कुणी विचारले नव्हते. “मी शहाणपणाचा चेहरा केला, की.”

“आणि कशाला घाबरायची?”

“अक्षरांना.”

खारीची बोटे खाली आली. “मग पाट्या कशी घासायची?”

“म्हणायची, वाचता येत नसलं म्हणून काय झालं, तोंडओळख आहे माझी. नुसता हात फिरवून सांगायची कुठली कुणाची ते.”

त्या दिवशी वाचनाच्या तासाला तिची पेन्सिल पडली नाही. ती वाचू शकली असे नव्हे. अडली, लाल झाली, पहिलेच अक्षर तीनदा म्हणाली. बाई थांबल्या. बाकीचेही थांबले.

काकांचा आठवडा पुढे तीन आठवडे झाला, कारण रंधा एकदा हातात घेतल्यावर सातांवर थांबवेना. चोविसाव्या बाकाला ते सगळ्यांत शेवटी आले. त्याच्या पाठीवर त्यांनी पितळ लावले नाही. पटाशी घेतली आणि लाकडातच कोरले, ‘आईच्या स्मरणार्थ’. शेवटचा शब्द कोरायला सबंध दुपार लागली. जोडाक्षरे दोन, आणि लाकूड जुने.

सोमवारी सकाळी ते व्हरांड्यात एका नव्या फळीवर रंधा मारत होते. वर्ग भरत होता. खिडकीतून त्यांना दिसले, की खार एकटीच बाकाच्या पाठीसमोर उकिडवी बसली आहे आणि कोरलेल्या खाचांतून बोट फिरवते आहे. पहिला शब्द तिने झटकन ओलांडला. दुसऱ्यावर बोट पुन्हा पुन्हा मागे येत होते. ओठ हलत होते. काकांनी रंधा उचलून धरला, आवाज होऊ नये म्हणून. बाई हजेरीचे पुस्तक उघडून बसल्या होत्या, पण नाव एकही पुकारत नव्हत्या.

“स्म… स्मर… स्मरणार्थ,” खार म्हणाली. मग उठली, मागे सरली आणि सगळे एका दमात वाचले.

इतक्यात घंटा झाली. उशीर झालेला मधल्या रांगेतला तो मुलगा दप्तरासकट खिडकीवर चढला आणि आत उतरायला त्याने एक पाय बाकावर टेकवला.

“अरे टोणग्या,” खार कमरेवर हात ठेवून म्हणाली, “स्मरणार्थावर पाय ठेवतोस? उतर खाली!”

बाईंनी मान वर केली. शब्द दुरुस्त करायला त्यांचे ओठ सवयीने उघडले होते. त्यांनी ते मिटले आणि पहिले नाव पुकारले.

बाहेर काकांनी रंधा फळीवर टेकवला आणि दोन्ही हातांनी पुढे रेटला. ढलपी न तुटता, फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सलग निघत गेली.